एका शब्दाची दुरुस्ती आणि आपल्यातले शहाणे

"ताई, पोरींना इंग्रजीचं शुद्धलेखन शिकवून राहिल्या म्हणे तुम्ही?"

गेल्या महिन्यात चंद्रपुरात एक बैठक आटोपल्यावर चहाच्या टपरीवर आपल्याच चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं मला हे ऐकवलं. सोबतचे दोघं-तिघं हसले. मग दादांनी मुद्दा पूर्ण केला. तिकडे सुरजागडचा डोंगर पोखरला जातोय, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांच्या नोकऱ्या कंत्राटात चालल्यात, आणि तुम्ही कुठल्या तरी परदेशी पुस्तकातल्या चुका काढत बसलात. यातून समाजाला काय मिळणार?

दादांचा मान ठेवून मी तिथं काही बोलले नाही. इथं बोलते. कारण हा प्रश्न एकट्या दादांचा नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच दिवशी एका इंजिनिअर भावानंही लिहिलं होतं, "टायपो फिक्स? हे तर कोणीही करतं, याला काँट्रिब्युशन म्हणत नाहीत." एकाला हे काम चळवळीचं वाटत नाही, दुसऱ्याला ते तंत्रज्ञानाचं वाटत नाही. दोघं मिळून एका पोरीच्या कामाला शून्य किंमत देऊन मोकळे झाले. त्या शून्याशी माझं भांडण आहे.

आधी झालं काय ते सांगते.

आमच्या अभ्यासिकेत येणारी ही मुलगी आरमोरी तालुक्यातली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील धानाच्या बांधीत मजुरी करतात आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी असतात. तिला या सत्रात पॅरलल प्रोग्रॅमिंग हा विषय आहे. म्हणजे एकच काम कॉम्प्युटरच्या अनेक कोअरवर वाटून एकाच वेळी करून घेणं. कॉलेजच्या नोट्समधून तिला काही कळेना, म्हणून ती इंटरनेटवरचं एक खुलं मार्गदर्शक वाचत होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही वाचता येतं आणि कुणालाही दुरुस्ती सुचवता येते असं. विषय होता ओपनएमपी. सी किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेला साधा लूप अनेक थ्रेडमध्ये वाटून द्यायची ती पद्धत आहे.

मी समाजशास्त्राची. मला यातलं काही येत नाही. तिनं मला ते तिच्या वडिलांच्या फळीवरून समजावलं, आणि दहा मिनिटांत समजावलं.

फळीवर दोन मुन्शी आहेत असं समजा, आणि रजिस्टर एकच. रजिस्टरवर एकूण ५०० पुडके लिहिलेले आहेत. पहिल्यानं ५०० वाचले, त्याच्यासमोर ४० पुडके आले, त्यानं मनात ५४० धरले. तेवढ्यात दुसऱ्यानंही ५०० च वाचले, त्याच्याकडे ३० आले, त्यानं ५३० धरले. पहिल्यानं ५४० लिहिले, लगेच दुसऱ्यानं ते खोडून ५३० लिहिले. आले ७० पुडके, नोंद झाली ३० ची. ४० पुडक्यांची मजुरी कुणाच्या खिशातून गेली? दोन्ही मुन्शी प्रामाणिक आहेत. कुणी चोरी केलेली नाही. तरी एका बाईची दिवसभराची मजुरी रजिस्टरातून नाहीशी झाली. कॉम्प्युटरवाले याला रेस कंडिशन म्हणतात.

यावर उपाय असा की प्रत्येक मुन्शीनं आपल्या वेगळ्या कच्च्या कागदावर बेरीज करायची आणि शेवटी दोघांचे आकडे मिळवायचे. ओपनएमपीमध्ये हा कच्चा कागद प्रत्येकाचा स्वतंत्र आहे असं सांगायला 'प्रायव्हेट' हा शब्द लिहावा लागतो. सगळ्यांचा मिळून एकच आहे असं सांगायचं तर 'शेअर्ड'. लूपच्या बाहेर आधीच तयार केलेलं चल असेल आणि तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर ते सहसा शेअर्डच धरलं जातं.

त्या मार्गदर्शकात एका ठिकाणी समजावून सांगणाऱ्या वाक्यात छापलं होतं की मधल्या बेरजेचं चल शेअर्ड ठेवा. खालच्या नमुन्यात मात्र बरोबर, म्हणजे प्रायव्हेट लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या हातून एक शब्द घसरला होता, बस.

पोरीनं वाक्यावर विश्वास ठेवला. प्रोग्रॅम दहा वेळा चालवला. सात वेळा उत्तर बरोबर आलं, तीन वेळा चुकलं, आणि तीनही वेळा वेगवेगळं चुकलं. दोन दिवस ती हेच करत बसली होती. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. "ताई, मलेच काही समजून नाही रायलं का? का पुस्तकच चुकलं आहे?"

दादांनी आणि इंजिनिअर भावानं या प्रश्नावर थोडं थांबावं. आपल्या पोरांचं पहिलं उत्तर नेहमी "मीच चुकलो" हेच असतं. ते कुठून येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. शाळेपासून कॉलेजपर्यंत जे छापलेलं आहे ते बरोबर आणि आपण चूक, हे आपल्या अंगात मुरवलेलं आहे. छापणारा वरचा, वाचणारा खालचा. पुस्तकाला प्रश्न विचारायचा नसतो, पाठ करायचं असतं. मनुस्मृती जाळून शंभर वर्षं होत आली, तरी छापील कागदापुढे मान खाली घालायची सवय आपल्याला सुटलेली नाही. फक्त कागद बदलला.

तिनं पुस्तकाला चूक ठरवायला तीन दिवस घेतले. पण ठरवलं. नमुना आणि वाक्य शेजारी ठेवून पाहिलं, दोन्ही प्रकारे प्रोग्रॅम चालवला, ओपनएमपीच्या मूळ नियमपत्रात शब्दांचा अर्थ तपासला, आणि मग दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती म्हणजे काय? जुनी ओळ, तिच्या आधी वजाचं चिन्ह. नवी ओळ, तिच्या आधी अधिकचं चिन्ह. फरक एका शब्दाचा. आणि वर दोन ओळींत कारण.

इंजिनिअर भाऊ, "हे तर कोणीही करतं" ना? ते वाक्य वाचून शेकडो लोक पुढे गेले असतील. कोणी केलं नव्हतं.

या विषयातल्या चुका इतर विषयांसारख्या नसतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. स्वयंपाकाच्या पुस्तकात मीठ दोन चमचेऐवजी दोन वाट्या छापलं, तर पहिल्याच घासाला कळतं. पॅरलल प्रोग्रॅममध्ये तसं होत नाही. दोन मुन्शी नेमके एकाच क्षणी रजिस्टरवर आले तरच घोटाळा होतो, नाहीतर दिवसभर हिशेब जुळतो. तुमच्या लॅपटॉपवर शंभर वेळा बरोबर चालेल आणि रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या सर्व्हरवर एखाद्या गर्दीच्या दिवशी चुकेल. म्हणजे चालवून पाहिलं आणि पटलं, हा मार्ग इथं अपुरा पडतो. मग माणूस भरवसा कशावर ठेवतो? लिहिलेल्यावर. जिथं चाचणी फसवते तिथं दस्तऐवजातला शब्द अन् शब्द जास्त मोलाचा होतो. 'नाही' हा एक शब्द गळला की अर्थ उलटा. या विषयातल्या जाणत्यांना हे ठाऊक आहे. पॉल मॅकेनी नावाच्या तज्ज्ञाचं पॅरलल प्रोग्रॅमिंगवरचं जाडजूड पुस्तक नेटवर फुकट आहे, त्याची मूळ फाईलही खुली आहे, आणि लोकांनी पाठवलेल्या लहान-मोठ्या दुरुस्त्या त्यात घेतल्या जातात. लिनक्सच्या दस्तऐवजांत मेमरी बॅरियरवरचा एक लांबलचक मजकूर आहे. त्याच्या सुरुवातीलाच लिहिणाऱ्यांनी कबूल केलंय की हा मजकूर अपुरा आहे, काही ठिकाणी थोडक्यात सांगायचं म्हणून मुद्दाम, आणि काही ठिकाणी आम्ही माणसं आहोत म्हणून.

आम्ही माणसं आहोत म्हणून! आपल्याकडच्या एखाद्या शासन निर्णयाच्या सुरुवातीला हे वाक्य कधी वाचलंय?

आता दादांच्या टोमण्याकडे येते. तो वरवर हलका आहे, पण त्याच्या पोटात एक खरा मुद्दा आहे. 'शुद्धलेखन' हा शब्द त्यांनी उगाच वापरला नाही. शुद्धलेखनाच्या छडीनं आपल्याला किती मारलंय हे मला माहीत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. जोतीराव काय सांगतायत याला उत्तर नव्हतं, म्हणून ते कसं लिहितायत ते धरलं. वर्गात आमच्यातलं एखादं पोर 'पानी' म्हणालं की अख्खा वर्ग हसायचा, मास्तरही. १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा कुणाकुणाच्या नाका-भुवया कशा वर गेल्या, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आलोय. तेव्हा दादा विचारतात, ज्या शुद्धतेविरुद्ध आपण लढलो तीच तुम्ही पोरींना शिकवता का?

नाही. आणि फरक अगदी साधा आहे. चूक तशीच राहिली तर नुकसान कुणाचं होतं, एवढंच विचारायचं. पोरगं 'पानी' म्हणालं तर कुणाची तहान राहत नाही. तिथं जो दुरुस्ती करायला उठतो त्याला पाण्याशी देणंघेणं नसतं, त्याला त्या पोराला त्याची जागा दाखवायची असते. पण 'प्रायव्हेट'च्या जागी 'शेअर्ड' छापलं गेलं तर ४० पुडके बुडतात. शुद्धलेखनाचा फौजदार माणूस सुधारायला निघतो. ही पोरगी मजकूर सुधारायला निघाली, ज्याच्यावर उद्या तिच्यासारखीच कुणीतरी विसंबणार आहे. तिच्या दुरुस्तीत लिहिणाऱ्याबद्दल एक शब्द नव्हता.

जाता जाता हेही सांगते. त्याच मार्गदर्शकात तिला 'कलर'चं स्पेलिंग एका ठिकाणी अमेरिकन आणि दुसऱ्या ठिकाणी ब्रिटिश सापडलं होतं. तेही पाठवू का म्हणाली. मी म्हटलं, सोड. इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं भांडण त्यांना मिटवू दे.

एका शब्दाला आपण हलकं समजावं हे मला म्हणूनच आणखी लागतं, कारण एका शब्दाची किंमत आपल्याइतकी कुणी मोजली आहे?

१९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असं त्यात होतं. १९५६ साली त्यात शीख शब्द आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. 'बौद्ध' हा शब्द त्या परिच्छेदात यायला १९९० साल उजाडावं लागलं. ३४ वर्षं. माझ्या आईची पिढी त्या एका शब्दाच्या वाटेवर म्हातारी झाली. केंद्राची नोकरी, केंद्राची सवलत म्हटली की दाखला पुढे करायचा आणि समोरच्यानं तो परिच्छेद दाखवायचा. तेव्हा कुणी म्हणालं नाही की एका शब्दानं समाजाला काय मिळणार.

आणि गोवारी बांधवांचं काय? आपल्या विदर्भात हे कुणाला माहीत नाही? महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत १८ व्या क्रमांकावर गोंड आणि त्यांच्यासोबत पन्नासेक नावं आहेत. त्यात 'गोंड गोवारी' असं एक नाव आहे. गोवारी समाजाचं म्हणणं, हे एक नाव नाही, मधला स्वल्पविराम राहून गेलाय. हे सांगायला ते २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर गेले आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. बाया आणि लेकरंच जास्त. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. यादी जशी आहे तशीच वाचायची, तीत भर घालायची किंवा बदल करायचा तर तो संसदेनं, न्यायालयानं नाही, असा त्याचा अर्थ. गोवारींचा दावा खरा की खोटा यावर इथं मी बोलत नाही, आदिवासी संघटनांचं म्हणणं वेगळं आहे आणि त्यालाही वजन आहे. मी फक्त एवढं दाखवतेय की एका स्वल्पविरामाच्या प्रश्नापाठी ११४ मृतदेह आहेत.

तीच यादी आणखी बारकाईनं वाचा. 'माडिया' आहे, आणि 'मारिया'ही आहे. 'बडी मारिया' आहे, 'बडा मारिया'ही आहे. इंग्रजीत 'व्ही'नं लिहिलेला 'वडे मारिया' वेगळा आणि 'डब्ल्यू'नं लिहिलेला वेगळा. कोण्या साहेबाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, पुढच्या साहेबानं ते उतरवलं, आणि कुठलं खोडावं हे न कळल्यानं सगळंच ठेवलं. भामरागडच्या माडियाला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तुझं नाव कसं लिहायचं.

माझं निम्मं काम याच कागदांत जातं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक आडनाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. एका विधवा आजीचं वनहक्काचं प्रकरण नवऱ्याच्या नावातल्या एका काना-मात्रेसाठी दीड वर्ष अडकलेलं मी पाहिलंय. चूक आजीची नव्हती, लिहिणाऱ्याची होती. सिद्ध मात्र आजीनं करायचं. प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, परत प्रतिज्ञापत्र. सरकारी भाषेत याला 'शुद्धिपत्रक' म्हणतात. चूक त्यांची आणि शुद्धी आपली!

म्हणून त्या खुल्या मार्गदर्शकाचा व्यवहार पाहून मी चकित झाले. तिथं प्रत्येक ओळीमागे लिहिलेलं दिसतं, ही कुणी लिहिली, कधी बदलली, का बदलली. दुरुस्ती सुचवायला मार्कशीट लागत नाही, ओळखीचा माणूस लागत नाही. लागतो तो पुरावा. आणि चूक दाखवणाऱ्याला चूक करणारा धन्यवाद म्हणतो. हे पाहिलेल्या पोरीला तहसील कार्यालयातला बाबू उद्या म्हणाला की "रेकॉर्डला आहे म्हणजे आहे", तर तिला ते पटणार नाही.

पण दादा, घाई करू नका आणि भाऊ, तुम्हीही हुरळू नका. ही जागा काही जातिमुक्त नंदनवन नाही. तिथं काय स्वीकारायचं हे ठरवणारे लोक निवडून आलेले नसतात. मोठमोठ्या प्रकल्पांत लिहिणारे पुष्कळ जण कंपन्यांचे पगारी नोकर असतात, त्यांना दिवसभर वेळ आणि चांगलं मशीन मिळतं. आमच्या पोरीला अभ्यासिकेतला एक जुना लॅपटॉप तिघींत मिळून मिळतो. आणि तंत्रज्ञानाच्या जगात जात नसते म्हणणाऱ्यांनी सिस्कोचं प्रकरण वाचावं. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेनं त्या कंपनीवर दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केल्याचा दावा लावला. तेव्हा एका पोरीची दुरुस्ती स्वीकारली गेली म्हणून उद्या कुणी "बघा, तिथं कुठं आरक्षण आहे, मेरिटच चालतं" असं म्हणणार असेल, तर त्यानं आधी तीन पोरींना तीन लॅपटॉप आणून द्यावे. मग बोलू.

जातीचा प्रश्न तर आमच्यासमोर त्याच संध्याकाळी उभा राहिला. दुरुस्तीखाली नाव लिहून सही करावी लागते. २००४ पासून लिनक्सच्या कामात ही पद्धत आहे, हे मी केलेलं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे, असं सांगणारी. पुढे इतर प्रकल्पांनीही ती उचलली. सहीच्या जागी येऊन पोरगी थांबली.

"ताई, आडनाव लिहू का?"

अभ्यासिकेत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. आपल्यातल्या किती जणांनी लिंक्डइनवर आडनाव गाळून वडिलांचं नाव लावलंय, मोजा. मी त्यांना दोष देत नाही, घरभाड्यानं खोली शोधताना मीही ते केलंय. तिकडे जर्मनीत किंवा जपानात बसून तपासणाऱ्याला मेश्राम काय आणि मिश्रा काय, दोन्ही सारखेच परके. पण पुण्या-बंगळुरूचा कुणी तपासत असला तर? मी तिला म्हटलं, निर्णय तुझा, पण एकदा लिहिलंस की ते तिथं कायम राहतं, कुणी खोडू शकत नाही. तिनं पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट.

आता आपल्याच पोरांना दोन शब्द. कारण हा लेख वाचून उद्या पन्नास जण उठतील आणि दिसेल त्या फाईलमध्ये एक टिंब टाकून "मी पण काँट्रिब्युटर" म्हणून स्टेटस ठेवतील. हे होऊन गेलंय. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरला हॅक्टोबरफेस्ट भरवते. तेव्हा चार दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली त्या टी-शर्टासाठी इतक्या फालतू दुरुस्त्या आल्या, कुठं "अप्रतिम प्रकल्प" असा शब्द घुसव, कुठं एक जागा सोड, की चालवणारे वैतागले. नियमच बदलावा लागला, ज्या प्रकल्पाला हवंय त्यानंच भाग घ्यायचा असा. त्यात आपल्या देशातली पोरं मोठ्या संख्येनं होती, हे लपवण्यात अर्थ नाही. व्हिडिओत कुणी करून दाखवलं आणि पोरांनी डोळे मिटून उतरवलं. न वाचता पाठ करायची तीच सवय, फक्त आता टी-शर्टसाठी.

दुरुस्ती करायची तर आधी वाचावं लागतं. आमच्या पोरीनं एका शब्दासाठी तीन दिवस घातले. इंजिनिअर भावाला त्या तीन दिवसांचा हिशेब दिसत नाही, त्याला शब्द एकच दिसतो. तिच्या दुरुस्तीला उत्तर आलं ते लगेच स्वीकारल्याचं नव्हतं. शीर्षकात काय बदललं ते नीट लिहा, पुन्हा पाठवा. तिनं पाठवलं. सहीची ओळ चुकीच्या जागी आहे, पुन्हा पाठवा. पाठवलं. तिसऱ्यांदा घेतलं. दोनदा परत आलं तेव्हा ती घाबरली होती, आपल्याला हाकलून राहिले म्हणून. मी तिला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. त्यात तिची अक्कल काढलेली नव्हती, फक्त कामातली उणीव सांगितली होती. असं बोलणंही असतं हे तिला विसाव्या वर्षी कळलं.

दादा, राज्यघटनेचं काय झालं होतं ते तुम्ही आम्हाला शिबिरात शिकवलंय. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले. नझिरुद्दीन अहमद नावाचे एक सदस्य तर स्वल्पविराम आणि जोडरेघांच्या दुरुस्त्यांसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी मसुदा समितीची टिंगलही केली, आणि बाबासाहेबांनी त्याच भाषणात त्यांना खरपूस उत्तर दिलं. पण कामत, पंजाबराव देशमुख, सक्सेना, कुंझरू यांच्यासारखे जे मुद्द्यावर भांडले, त्यांच्या सूचना आपल्याला पटल्या नाहीत तरी त्यांचं मोल कमी होत नाही, असं ते त्याच ठिकाणी म्हणाले. ज्या माणसाच्या हाताखालून हजारो दुरुस्त्या गेल्या, त्याच्या नावानं चालणाऱ्या चळवळीत दुरुस्ती हे हलकं काम कधीपासून झालं?

समाजाला काय मिळणार, याचं माझं उत्तर मोठं नाही. आमच्या अभ्यासिकेत आता दर रविवारी दोन तास वाचन चालतं. एक तास कॉम्प्युटरवाली पोरं त्यांचे दस्तऐवज वाचतात, मोठ्यानं, शब्द न गाळता. दुसऱ्या तासाला आम्ही वनहक्काच्या अधिकारपत्रांच्या झेरॉक्स काढून बसतो, क्षेत्र, सीमा, कक्ष क्रमांक, नावं, एकेक तपासत. पोरांनी गेल्या दोन रविवारांत अशा पाच चुका काढल्या ज्या मला वर्षभरात दिसल्या नव्हत्या. एका गावच्या कागदावर तर कक्ष क्रमांकाचे दोन आकडे उलटे पडले होते. वजाची ओळ, अधिकची ओळ, कारण, सही, असाच अर्ज त्यांनी मराठीत लिहून काढलाय. तो दाखल झालाय. त्याचं काय होतं ते पुढे लिहीनच.

आणि त्या मुलीला परवा पुन्हा मेल आली. तपासणाऱ्यानं लिहिलंय की तुमची दुरुस्ती पाहिल्यावर आम्ही पुढचा भाग चाळला, तिथंही तसाच गोंधळ वाटतो, तुम्ही पाहाल का? ती रोवणीसाठी गावी गेली होती. तिकडे रेंज नाही. बांधावर चढून तिनं मला फोन लावला, आवाज तुटत होता. "ताई, त्यायले सांगा, मी सोमवारी पायते. आणि लॅपटॉप सोमवारचा माया नावानं लिहून ठेवजा."